सातवी ओवी

"विद्या कोणतीही असो, शिकवणारा धीराचा आणि शिकणारा नम्र असला की ती शिकवता येते."

हे वाक्य मी काही वर्षांपूर्वी बारामतीत बोललो. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शेअर बाजारातील खरेदी-विक्री शिकवण्याचा वर्ग काढला होता. पहिल्या दिवशी दीप लावण्यासाठी आणि मंगलाचरण म्हणण्यासाठी त्याने मला बोलावले. पंचवीस-तीस माणसे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. दूध डेअरीतले कामगार, पतपेढीतले कारकून, उसाचे दोन-चार बागायतदार, घरी शिकवणी घेणाऱ्या दोघी भगिनी. त्यांतील एका गृहस्थांनी उभे राहून विचारले, "गुरुजी, आमच्यासारख्या अगदी कोऱ्या माणसाला जमेल का हे?"

मी म्हणालो, "कोऱ्या पाटीवरच अक्षर चांगले उमटते."

टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या, हे आज लपवण्याचे कारण नाही. शेअर बाजाराविषयी मला तेव्हा काहीही माहीत नव्हते. आजही फारसे नाही. पण शिकवण्याविषयी सर्व माहीत आहे, अशी माझी समजूत होती. शेवटच्या रांगेत आबा बसले होते. शेळगावाहून मोटारसायकलवर मागे बसवून मला तेच घेऊन आले होते, आणि परतायचे म्हणून थांबले होते. टाळ्या थांबल्यावर ते उठले, विद्यार्थ्याच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी आपले नाव नोंदवले. परत येताना वाटेत मला म्हणाले, "तुमी म्हणताय म्हंजे येत आसंल शिकवता."

आबा माझे शेजारी. वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, पण सारे गाव त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरांचा कळप होता. आठ-आठ महिने रानोमाळ हिंडणे होते. पुढे चराऊ रान राहिले नाही, कालव्याच्या पाण्याने सगळीकडे ऊस आला, आणि आबांनी कळप मोडून शेळ्या-बोकडांचा व्यापार धरला. आठवड्याच्या बाजारात जायचे, घ्यायचे, महिना-दोन महिने घरी पोसायचे, विकायचे. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले. कुणाची चाकरी केली नाही. "माझ्या नावाची हजेरी कुटं लागत न्हाय," असे ते अभिमानाने सांगत.

मी मात्र जन्मभर हजेरीतला माणूस. बालपणीची सात वर्षे पाठशाळेत गेली. तिथे गुरू एक चरण म्हणत आणि आम्ही तो दोनदा म्हणत असू. याला संथा म्हणतात. अर्थ विचारायचा नाही. आधी कंठात बसवायचे, अर्थ ज्याचा त्याने पुढे आयुष्यात शोधायचा. काहींचा मला साठीनंतर सापडला, काहींचा अजून शोधतो आहे. नंतर मी इंदापूर तालुक्यातल्या एका विद्यालयात संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर शेळगावच्या घरी पहाटे स्नान-संध्या, दुपारी थोडे वाचन, सायंकाळी मारुतीच्या देवळात पाच-सहा जणांना स्तोत्रे सांगणे, असा क्रम आहे. जे कंठस्थ झाले ते आपले झाले, यावर माझी श्रद्धा होती. या श्रद्धेमुळे माझे कधी नुकसान झाले नाही. झाले ते दुसऱ्याचे.

आबांच्या धंद्याची मला फार पूर्वीपासून उत्सुकता होती. एकदा त्यांच्या अंगणात नवा बोकड बांधलेला होता. त्यांनी माझा हात धरून त्याच्या पाठीवर, कमरेच्या किंचित अलीकडे ठेवला.

"हितं दाबा. काय लागतंय?"

"केस," मी म्हणालो.

"केस न्हाव्याला लागत्यात, गुरुजी! खाली बगा की."

त्यांच्या पत्नी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्या हसू लागल्या. मी पुन्हा दाबले. हाड लागले, एवढेच कळले. आबांनी नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दीड म्हैन्यात चांगलं भरंल. दाताला कवळं हाय, खोड न्हाय." ते कसे कळले, हे त्यांना सांगता येईना. मी म्हणालो, "आबा, तुम्हाला हे नीट मांडता येत नाही, म्हणून शिकवता येत नाही असे वाटते. मांडले की शिकवता येते."

त्यांनी वाद घातला नाही. ते माझ्याशी कधीच वाद घालत नसत. सौदा करताना दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटे दाबतात आणि भाव ठरवतात, बाजूच्या माणसाला काही कळत नाही. त्या बोटांच्या खुणा मी त्यांना विचारल्या. त्यांनी पाच मिनिटांत सगळ्या सांगितल्या, आणि मी त्या वहीत उतरवून घेतल्या. "एवढेच?" मी विचारले. "एवढंच," ते म्हणाले, "पर ह्या नुसत्या खुणा हायती, गुरुजी. यापार येगळा." मी त्या दिवशी वही मिटताना, आपण या विद्येत प्रवेश केला, अशा समाधानात होतो.

तो वर्ग निघण्याच्या थोडे आधी आबांचे गुडघे गेले. बाजारात दिवसभर उभे राहणे, टेम्पोत चढणे-उतरणे बंद झाले. त्यांनी उरलेल्या सगळ्या शेळ्या विकल्या. त्या पैशांत घरामागे एक पत्र्याचा गोठा बांधायचा, बंदिस्त शेळ्या ठेवायच्या, जागच्या जागी बसून व्यापार करायचा, असा त्यांचा बेत होता. गोठ्यापुरते पैसे होते, शेळ्यांना कमी पडत होते. मुलगी सासरी होती आणि मुलगा पुण्यात आपल्या संसारात. त्यांच्या मेहुण्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. आबांना ती नको होती. "ह्या वयात दुसऱ्याच्या दाराला कडी लावत बसू व्हय?" असे ते म्हणत. गोठा की फाटक, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि तो आम्हा सर्वांना ठाऊक होता. शेळ्यांसाठी कमी पडणारी रक्कम शेअर बाजारातून उभी राहील, असा विचार त्यांच्या मनात त्या खुर्चीवर, माझे भाषण ऐकता ऐकता आला.

वर्ग दोन महिन्यांचा होता. शनिवार-रविवारी आबा बारामतीला जाऊन येत. भिंतीवर पडदा लावून माझा विद्यार्थी आलेख दाखवी. भावाची चढ-उतार तिथे हिरव्या-तांबड्या कांड्यांनी दाखवतात, त्यांना मेणबत्त्या म्हणतात. आबा परत आल्यावर वहिनी विचारत, "आज किती मेणबत्त्या इझल्या?" आबा हसण्यावारी नेत. पण तिसऱ्या आठवड्यात ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. वर्गात अकरा नियम दिले होते. छापील कागद होता, अर्धा इंग्रजीत.

"ध्यानात ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. "बाकीची प्वारं टकाटका बोलत्यात. मला आपलं भजनातलं सगळं पाठ हाय बगा, दीडशे आभंग आसतील. पर ह्ये न्हाय ऱ्हात."

मी कागद हातात घेतला आणि मला एक कल्पना सुचली. आज वाटते, ती सुचली नसती तर किती बरे झाले असते. मी म्हणालो, "आबा, मी याच्या ओव्या करून देतो."

त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले. जणू मी त्यांच्यासाठी काही तप करणार होतो.

मी विद्यार्थ्याला फोन करून प्रत्येक नियमाचा अर्थ समजून घेतला. मला वाटते, चार दिवस लागले. सकाळी संध्या झाल्यावर बसायचो. एका दिवशी सगळे पैसे लावू नयेत, ऐकीव बातमीवर विश्वास ठेवू नये, लोभ आवरावा, घेण्याआधी कंपनीची चौकशी करावी, असे नियम होते. ते ओवीत सहज बसले. आपल्याकडे अशा उपदेशाची भाषा तयारच आहे. सातव्या नियमापाशी मी थांबलो.

सातवा नियम असा होता: घेतलेल्या शेअरचा भाव आपण आधी ठरवलेल्या मर्यादेखाली गेला, की विकून मोकळे व्हायचे. वाट पाहायची नाही. तोटा लहान असतानाच स्वीकारायचा.

हा नियम मला आवडला नाही. दोन कारणे होती, आणि दोन्ही मला त्या वेळी सात्त्विक वाटली. पहिले, रोज प्रातःकाळी देवापुढे म्हणण्याच्या पाठात तोट्याचे, हानीचे शब्द घालणे मला अमंगल वाटले. कार्यारंभी अशुभ उच्चारू नये, हा संस्कार. दुसरे कारण अधिक खोल होते. धरलेले सोडून देण्याचा उपदेश मी आयुष्यात कुणाला केला नव्हता. परीक्षेत नापास झालेल्या मुलांना, सासरी जाच असलेल्या मुलींना, पाऊस लांबलेल्या शेतकऱ्यांना, सर्वांना मी एकच सांगत आलो: धीर धरा. तेव्हा मी सातव्या नियमाला, माझ्या मते, थोडे उदात्त केले. लिहिले:

भाव पडता खचू नये । धैर्य आपुले सोडू नये ।
धरिले ते टाकू नये । उतावीळपणे ॥

ओवी सुंदर झाली. अकरांमध्ये तीच सर्वांत चांगली उतरली. शेवटी, प्रथेप्रमाणे, जो हा पाठ नित्य करील त्याच्या घरी लक्ष्मी स्थिर राहील, अशी फलश्रुतीही जोडली.

आबांना मी त्या संथा देऊन शिकवल्या. मी एक चरण म्हणे, ते दोनदा म्हणत. आठ दिवसांत अकरा ओव्या त्यांच्या कंठात बसल्या, एका मात्रेचीही चूक नाही. सातवी शिकताना ते एकदा अडखळले होते. "धरिले ते टाकू नये" म्हणून थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटले, पाठांतर अडले. मी चरण पुन्हा सांगितला. त्यांनी तो मुकाट्याने दोनदा म्हटला.

विद्यार्थ्यालाही मी त्या वाचायला पाठवल्या होत्या. त्याने फोनवर "अप्रतिम, गुरुजी" म्हटले, आणि पुढच्या तुकडीपासून त्या प्रवेशपत्राच्या मागे छापू लागला.

पहिले दोन-तीन महिने बरे गेले. आबा पहाटे देवापुढे बसून ओव्या म्हणत, मग साडेनवाच्या सुमारास ओसरीवर चष्मा लावून, मोबाइल पोथीसारखा दोन्ही हातांत धरून बसत. थोडे घेत, थोडे विकत. बाजार त्या दिवसांत चढता होता, हे मला पुढे कळले. तेव्हा मला ते पाठाचे फळ वाटत होते. एकदा त्यांनी मला पेढे आणून दिले. वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, पत्र्यांचा भाव बी काढून आल्याती ह्ये." मी ते पेढे देवापुढे ठेवले.

मग त्यांनी एका लहानशा कंपनीचे शेअर घेतले. चौकशी केली होती, ऐकीव बातमीवर घेतले नव्हते, नियमाप्रमाणे सगळे होते. पंधरा दिवसांनी भाव घसरू लागला. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडा. एके दुपारी आबा माझ्याकडे आले. बसले, पाणी प्याले, आणि इकडचे तिकडचे बोलत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, माल खाली आलाय. काय करू?"

ते मला शेअर बाजाराचा सल्ला विचारत नव्हते, हे मी ओळखायला हवे होते. ते परवानगी मागत होते. मी म्हणालो, "ओवी काय सांगते?"

त्यांनी सातवी ओवी म्हटली. संपूर्ण, शुद्ध.

"मग झाले तर," मी म्हणालो. "धीर धरा."

ते उठले. अंगणात चप्पल घालताना हळूच म्हणाले, "तसं जनावर आसतं तर..." आणि वाक्य पुरे न करताच निघून गेले. मी ते पुरे करायला सांगितले नाही. हे माझ्या ध्यानात राहिले आहे, कारण त्यानंतरच्या दिवसांत मी त्या अर्ध्या वाक्यापाशी अनेकदा परत गेलो.

भाव आणखी पडला. आबांनी धीर धरला. एवढेच नव्हे, धीर दाखवावा म्हणून स्वस्तात आणखी थोडे घेतले. पुढे अशी वेळ आली, की रोज सकाळी बाजार उघडे, त्या कंपनीचा भाव, बाजाराच्या नियमाने एका दिवसात जेवढा पडू शकतो तेवढा पडून थांबे, आणि घ्यायला कुणी नसे. विकायचे म्हटले तरी विकता येईना. वहिनी मला देवळाच्या वाटेवर भेटल्या. एरवी त्या पदर सावरून बाजूला होत. त्या दिवशी समोर उभ्या राहिल्या.

"गुरुजी, ह्ये सकाळधरनं चारदा पाठ म्हणाय लागल्याती. आदी येकदा म्हणायचं. देव खूश हुतोय का न्हाय ठावं न्हाय, पर पैसं काय थांबंनात."

"वहिनी, संकटातच श्रद्धेची परीक्षा असते."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "पर परीक्षा तुमची, आन् पेपर आमच्या घरी."

त्या दिवशी सायंकाळी स्तोत्र सांगताना माझे लक्ष लागेना.

अखेरीस शेअर विकले गेले तेव्हा शेळ्यांच्या पैशांतला लहानसा भाग हाती आला. तो वहिनींनी त्यांच्याकडून काढून घेतला आणि मुलीच्या नावावर ठेवला. गोठ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आबा रखवालदाराच्या जागेवर रुजू झाले. मेहुण्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून सकाळी जात आणि अंधार पडताना येत. आमची भेट हळूहळू कमी झाली. कुणी मुद्दाम कमी केली नाही. पण पूर्वी जी सायंकाळी देवळात होई, ती आता व्हायला वेळच उरला नव्हता.

मी बारामतीला विद्यार्थ्याकडे गेलो. मला त्याच्यावर रागवायचे होते, असे म्हणणे अधिक खरे. वर्ग सुटला होता, तो खुर्च्या रचत होता. मी म्हणालो, "तू शिकवलेस, आणि त्या माणसाचे असे झाले."

त्याने खुर्ची खाली ठेवली. म्हणाला, "गुरुजी, सातवी ओवी मी वाचली होती."

"मग?"

"उलटी होती. मी लिहिलं होतं विका, तुम्ही लिहिलं थांबा. वाचली तेव्हा फोन हातात घेतला होता. पण शाळेत तुम्ही माझ्या निबंधावर खुणा करायचात. तुमच्यावर मी कशी करणार? वाटलं, यात काही खोल अर्थ असेल."

"आणि तू ती छापलीस."

"छापली," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आणि तुम्ही विचारताय तर सांगतो. मला बाजारातून जेवढं मिळतं त्यापेक्षा या खुर्च्यांतून जास्त मिळतं. नियम मी शिकवू शकतो. पण भाव पडत असताना माणसाचा हात बटणावर जायला हवा, तो कसा न्यायचा, हे मला स्वतःलाही रोज नव्यानं जमवावं लागतं. कधी जमतं, कधी नाही."

रागवायला गेलो होतो. त्याच्या पाठीवर हात ठेवून परत आलो. त्याने दुसऱ्या दिवशी ते प्रवेशपत्रांचे गठ्ठे रद्दीत घातले, असे त्याने मला कळवले.

आबांना सांगणे राहिले होते. त्यासाठी मला दोन महिने लागले. धीराचा उपदेश करणाऱ्याला आपल्या चुकीसमोर उभे राहायला एवढा काळ लागावा, याची लाज वाटते. शेवटी मी एका सकाळी एसटीने बारामतीला उतरलो आणि रिक्षाने त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आबा निळ्या गणवेशात, पत्र्याच्या केबिनमध्ये बसले होते. मला पाहून धडपडत उठले.

"गुरुजी! तुमी हितं? बसा, बसा." त्यांनी आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः पाण्याच्या उपड्या कॅनवर बसले. चहा मागवला. गुडघ्यांची, मुलीची, गावच्या यात्रेची चौकशी झाली. मग मी एकदम सांगितले, की वर्गातला सातवा नियम वेगळा होता. तो मी बदलला होता. मला तो अमंगल वाटला, म्हणून मी त्या जागी माझे मत घातले. त्यांचा गोठा माझ्या ओवीने गेला.

आबा ऐकत होते. आश्चर्याचे कोणतेही चिन्ह त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होते?"

"वर्गात ऐकला व्हता की म्या त्यो नेम. पोरगं चांगलं समजावून सांगत व्हतं." त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "आन् न्हाय ऐकला तरी काय, गुरुजी? जे बोकड दोन म्हैन्यात आंग धरीना, त्येला तिसऱ्या म्हैन्यात म्या कदी वैरण घातली न्हाय. पडंल त्या भावाला दिलं. घरात ही रडायची, लळा लागल्याला आसायचा. तरी दिलं. चाळीस वरीस त्येच केलं. त्यात मला कोण शिकीवणार व्हतं?"

"मग शेअर का नाही विकलेत, आबा?"

"तुमी लिवलं व्हतं," ते म्हणाले.

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोसली असती. ते पुढे म्हणाले, "पैल्या दिशी ती ओवी तोंडात आडकली माज्या. वाटलं, इचारावं. मग म्हणलं, आपुन शेरडंवालं. ह्यो बाजार शिकल्याल्यांचा, आन् शिकल्यालं माणूस ह्ये सांगतंय. आपली अक्कल हितं कशाला? आन् येकदा देवाम्होरं रोज म्हणाय लागलो, की मोडायचं कसं?"

मी त्या सभेत कोऱ्या पाटीविषयी बोललो होतो. आबांची पाटी कोरी नव्हती. चाळीस वर्षांत तिच्यावर जे उमटले होते, ते वाचण्याइतके मला अक्षरज्ञान नव्हते, आणि मी त्यावर माझी सुबक ओवी लिहून ठेवली. नवशिक्याला व्यापार शिकवता येतो का, असे आज मला कुणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही. जाणत्या माणसाकडून तो काढून घेता येतो, एवढे मात्र मी स्वतः करून पाहिले आहे.

मी म्हणालो, "आबा, मी ती ओवी नव्याने लिहितो. तुम्ही आत्ता बोकडाचे सांगितलेत, तसेच्या तसे घालतो. विद्यार्थ्याला देतो. पुढच्यांना तरी..."

त्यांनी हात वर केला. इतक्या वर्षांत त्यांनी माझे बोलणे मध्येच थांबवल्याचे मला आठवत नाही.

"नगा, गुरुजी," ते म्हणाले. "आता काय बी नगा लिवू."

तेवढ्यात बाहेर दुधाच्या टँकरने भोंगा वाजवला. आबा एका हाताने केबिनची चौकट धरून उठले, लंगडत गेले, फाटक उघडले, गाडीचा क्रमांक वहीत लिहिला, चालकाची सही घेतली. चालक विशीतला असेल. "काय आबा, आज उशीर केला दार उघडायला!" असे तो ओरडला. "पावनं आल्यात," आबा म्हणाले, आणि फाटक लावून परत आले.

मला निघायला हवे होते. मी उठलो तेव्हा त्यांनी थोडे संकोचून तीच वही माझ्यापुढे सरकवली.

"तेवडं नाव लिवा, गुरुजी. सायेब बघत्यात. कुणाला बी आत बसीवलं तर लिवाय लागतंय."

मी नाव लिहिले. गाव लिहिले. कुणाला भेटायचे, या रकान्यात त्यांचे नाव लिहिले. पुढचा रकाना कामाचा होता. तिथे मी बराच वेळ लेखणी धरून उभा राहिलो. मागे मोटारसायकलवरून आलेले दोन कामगार आपल्या नोंदीसाठी थांबले होते, आणि त्यांतला एक घड्याळ पाहत होता.

"खाजगी लिवा," आबा म्हणाले. "समदी त्येच लिवत्यात."

मी खाजगी लिहिले, वेळ घातली, आणि वही त्या कामगारांकडे दिली.